पुढचा मेस्सी

पुढचा मेस्सी नेहमी चौदा ते सतरा वर्षांचा असतो. अठरावं सरलं की त्याच्या जागी दुसरा येतो आणि हा उरलेलं आयुष्य ‘एकेकाळचा पुढचा मेस्सी’ म्हणून काढतो. अंगकाठी किडकिडीत, उंची बेताची, डावा पाय गोड, उजवा नावापुरता. अंगातला शर्ट दोन मापं मोठा, कारण त्याच्या मापाचे शर्ट मोठ्यांच्या संघात शिवतच नाहीत.

त्याच्या नावाचा तीन-साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ जगभर फिरत असतो. त्यात तो सहा-सात पोरांना गुंगारा देतो, गोलकीपरला खाली बसवतो आणि बॉल जाळ्यात ढकलतो. मागे ढणाढणा संगीत. या व्हिडिओत त्याचा एकही पास चुकत नाही, त्याला दम लागत नाही आणि हातचा बॉल गेल्यावर तो परत मिळवायला मागे पळतोय हे दृश्य तर औषधालाही सापडत नाही. चकवलेल्या त्या सहा-सात पोरांची चौकशी कोणी करत नाही. ती यथावकाश बँकेत, शाळेत, विमा कंपनीत चिकटतात आणि पुढची चाळीस वर्षं आल्यागेल्याला सांगतात, ‘‘हा बघ, इथे खाली पडलाय तो मीच.’’ एका व्हिडिओने इतक्यांची सोय लागते.

ही जागा मूळची अर्जेंटिनातली. तेव्हा तिचं नाव ‘पुढचा मॅराडोना’ होतं. ओर्तेगा, गायार्दो, रिकेल्मे, आयमार, साविओला, दालेसांद्रो अशा एकेकाला त्या खुर्चीवर बसवून पाहिलं. यातला एकही लेचापेचा नव्हता. दुसऱ्या एखाद्या देशात जन्मले असते तर चौकात पुतळे उभे राहिले असते. पण खुर्चीच अशी की बसणारा तिच्यात लहानच दिसायचा. मग रोझारिओचा एक बुटका मुलगा आला आणि खरोखरच मॅराडोनाच्या पंगतीला जाऊन बसला. पंचाईत झाली ती वर्तमानपत्रांची. जागा भरली, आता लिहायचं काय? त्यांनी लगोलग ‘पुढचा मेस्सी’ ही नवी जागा काढली, आणि या खेपेला देशोदेशी शाखा उघडल्या. जर्मन मेस्सी मार्को मारिन, स्कॉटिश मेस्सी रायन गोल्ड, जपानी मेस्सी कुबो, थाई मेस्सी चनाथिप, इराणी मेस्सी आझमून. स्वित्झर्लंडच्या शाकिरीला तर आल्प्सचा मेस्सी करून टाकलं. त्याच्या एकेका पोटरीत दोन-दोन मेस्सी मावले असते, पण पर्वतराजीचा मान राखायला हवा. आपल्याकडे ‘पुढचा सचिन’ ही जागा शिवाजी पार्कात बारमाही भरलेली असल्यामुळे फुटबॉलकडे बघायला कोणाला सवड झाली नाही. अपवाद अर्थात कोल्हापूर. पण तिथे वर्ल्ड कप आला की पेठापेठांत खऱ्या मेस्सीचेच एवढे फलक लागतात, की पुढच्याला भिंत उरत नाही.

पुढच्या मेस्सीभोवती मोठा गोतावळा असतो. त्यातली सगळ्यात रसाळ वल्ली म्हणजे त्याचा पहिला कोच. ‘‘मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हाच म्हटलं होतं,’’ हे त्याचं पेटंट वाक्य. कोणाला म्हटलं होतं ते तो सांगत नाही. या गृहस्थाने आजवर असे पुरते अकरा जण ‘पहिल्यांदा पाहिलेले’ असतात. पैकी दहांचा विषय निघाला की त्याला चहा आठवतो. दुसरा एजंट. हा कोणाच्याच नात्याचा नसतो, पण बारशापासून हजर असल्यासारखा वावरतो. तिसरे वडील. त्यांनी नोकरी सोडलेली असते. चौथी बुटांची कंपनी, आणि पाचवे आम्ही लिहिणारे. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण या मंडळींनी इतकी मनावर घेतली आहे की ती खरोखरच पाळण्यात वाकून पाहतात. 1990 च्या दशकात इंग्लंडात सॉनी पाइक नावाचा एक चिमुरडा होता. सात वर्षांचा असताना त्याला हॉलंडच्या आयाक्स क्लबाने बोलावून घेतलं, पुढे जाहिराती आल्या आणि त्याच्या पायांचा दहा लाख पौंडांचा विमा उतरवला गेला. त्या वयात आमच्या पायांवर घरच्यांनी केलेली सगळ्यात मोठी गुंतवणूक म्हणजे आयोडेक्सची बाटली. पाइकने अठराव्या वर्षी फुटबॉल सोडला. पुढे लंडनचे सगळे गल्लीबोळ तोंडपाठ करून, अवघड म्हणून नावाजलेली परीक्षा देऊन, तो तिथला टॅक्सीवाला झाला.

पण या जमातीचा मेरुमणी म्हणजे फ्रेडी अडू. घानातल्या टेमा गावी 1989 साली जन्म. आईला अमेरिकेच्या ग्रीन कार्डची लॉटरी लागली आणि कुटुंब मेरीलँडला आलं. (लॉटरी लागलेल्या घरात दुसरी लॉटरी लागणारच, असं लोकांना वाटतं.) पोरगं बॉल घेऊन निघालं की समोरची पोरं नुसती उभी राहायची. बुटांच्या कंपनीने त्याच्याशी दहा लाख डॉलरचा करार केला. 2003 मध्ये, चौदाव्या वर्षी, मेजर लीग सॉकरने त्याला पाच लाख डॉलर वार्षिक पगारावर घेतलं. अख्ख्या लीगमध्ये तो सर्वांत जास्त पगार होता. म्हणजे ज्यांच्या मुलाबाळांच्या फिया भरायच्या होत्या ते संघातले काका-मामा त्याच्याहून कमी पगारावर होते, आणि सामना संपल्यावर याला गृहपाठ होता. 3 एप्रिल 2004 रोजी डी. सी. युनायटेडकडून तो मैदानात उतरला, तेव्हा त्याचं वय 14 वर्षं 306 दिवस होतं.

पेले त्याच्यासोबत थंड पेयाच्या जाहिरातीत उतरले होते. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. पेले खेळाडू म्हणून देवमाणूस, पण भविष्य वर्तवायला बसले की पंचांग उलटं धरायचे. 1994 च्या वर्ल्ड कपसाठी त्यांनी कोलंबियावर बोट ठेवलं, कोलंबिया पहिल्याच फेरीत घरी परतला. घानाचा नी लॅम्प्टी हा आपला वारस, असं ते म्हणाल्याचं सांगतात. 1991 च्या सतरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेला तो मुलगा पुढे क्लबामागून क्लब बदलत राहिला. तेव्हा जाहिरातीत पेले दिसल्याबरोबर अडूच्या घरच्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकायला हव्या होत्या.

गंमत अशी की अडू वाईट खेळत नव्हता. पहिल्या मोसमात त्याने पाच गोल केले आणि त्याच वर्षी संघ विजेता झाला. तिशीतल्या धटिंगणांत शिरलेल्या चौदा वर्षांच्या पोराने याहून काय करायचं? पण लोकांनी तिकीट काढलं होतं ते दर शनिवारी चमत्कार बघायला. पाच गोलांत पेलेंचं भाडंसुद्धा सुटत नाही. 2007 मध्ये कॅनडात वीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये त्याने पोलंडविरुद्ध हॅटट्रिक केली, ब्राझीलला हरवणाऱ्या संघात तो होता, आणि पोर्तुगालच्या बेनफिकाने त्याला विकत घेतलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला: उशीर झाला, पण गाडी आली.

बेनफिकाने त्याला लोनवर दिलं. युरोपात खेळाडू लोनवर जाणं म्हणजे शेजारणीने नेलेलं पातेलं. गेलं की ते कोणाच्या ओट्यावर निघेल याचा भरवसा नाही, आणि परत आलं तरी आपल्याकडे तोवर नवं आलेलं असतं. अडू आधी मोनाकोला गेला. मग पोर्तुगालमध्येच बेलेनेन्सेस. मग ग्रीसमध्ये आरिस. मग तुर्कस्तानात रिझेस्पोर. तिथून परत अमेरिका, फिलाडेल्फिया. मग ब्राझीलचा बाहिया, सर्बियाचा यागोदिना, फिनलंडमधला कुओपिओचा क्लब, फ्लोरिडातला टँपा बे. 2018 मध्ये लास वेगासच्या एका नव्या क्लबात, जिथे करमणूक म्हणून मैदानावर लामा आणत. शेवटी स्वीडनच्या तिसऱ्या पायरीवरच्या संघाने त्याला घेतलं आणि एकही अधिकृत सामना न खेळवता 2021 च्या सुरुवातीला निरोप दिला. एकूण 14 क्लब, 9 देश. प्रत्येक गावी त्याचा तोच फोटो: डोक्यावर दोन्ही हातांनी ताणून धरलेला क्लबाचा स्कार्फ, शेजारी हसणारे अध्यक्ष, मागे भिंतीवर स्थानिक प्रायोजकांची नावं. बदलतो तो फक्त स्कार्फचा रंग, आणि अध्यक्षांचं हसू दरवेळी थोडं आखूड होत जातं.

याला सगळे ‘फुकट गेलेला’ म्हणतात. सतरा वेळा अमेरिकेचा शर्ट घालून खेळलेला, पंधरा वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळलेला, नऊ देशांचं पाणी प्यालेला हा माणूस आमच्या सोसायटीत राहत असता, तर त्याला दर 26 जानेवारीला झेंडावंदनाला बोलावलं असतं आणि वर दोन शब्दही बोलायला लावले असते.

याच जातीत एक पोटभेद आहे, एकाच करामतीवर जगणाऱ्यांचा. ब्राझीलचा केर्लोन हा त्यांचा शिरोमणी. बॉल उचलून कपाळावर घ्यायचा, आणि सर्कशीतल्या सीलसारखा तो कपाळावरच टप टप उडवत बचावपटूंमधून धावत सुटायचं. नियमात बसतं का? बसतं. अडवायचं कसं? कोणालाच ठाऊक नाही, कारण पायाशी बॉलच नाही. 2007 मध्ये क्रुझेइरो आणि अ‍ॅटलेटिको मिनेइरो या हाडवैऱ्यांच्या सामन्यात केर्लोनने ही कसरत सुरू केली, तेव्हा समोरच्या बचावपटूने तत्त्वचर्चेत न शिरता त्याला सरळ आडवा केला. त्या बचावपटूवर बंदी आली. अर्धा देश म्हणाला बरोबर झालं, अर्धा म्हणाला त्याला हार घाला. केर्लोन पुढे इंटर मिलानपर्यंत पोहोचला, पण गुडघ्यांनी साथ सोडली. कपाळ शेवटपर्यंत ठणठणीत होतं.

हाशिम मस्तूरचं तर बॉलबरोबर करामती करतानाचं चित्रीकरण खुद्द नेमारसोबत झालं होतं. एसी मिलानने त्याला चौदाव्या वर्षी घेतलं. सतरावं सरायच्या आत तो मोरोक्कोसाठी बदली म्हणून उतरला आणि देशाचा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. मिलानच्या मुख्य संघाकडून अधिकृत सामना त्याच्या नशिबी कधी आला नाही. मालागाकडे लोनवर गेला, तिथे लीगमध्ये पाच मिनिटं खेळला. पाच मिनिटं! व्हिडिओसुद्धा साडेतीन मिनिटं चालतो.

बोयान क्रकिचबद्दल मात्र विनोद सुचत नाही. 2007 मध्ये 17 वर्षं 19 दिवसांचा असताना त्याने बार्सेलोनाकडून लीगमध्ये उतरून खुद्द मेस्सीचा विक्रम मोडला. दोघांचं लांबचं नातं असल्याचंही कोणीतरी वंशावळ उकरून छापलं. पुढच्या फेब्रुवारीत स्पेनच्या सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये त्याला चक्कर आली, छाती धडधडू लागली. बाहेर सांगितलं गेलं, पोट बिघडलंय. त्या उन्हाळ्यातल्या युरो स्पर्धेला तो जाऊ शकला नाही, तर पोराला सुट्टी प्यारी झाली म्हणून टीका. खरं काय ते त्याने मोकळेपणी सांगेपर्यंत दहा वर्षं उलटली.

सगळ्या अपेक्षा पुऱ्या करणारा एकच प्रतिभावंत माझ्या माहितीत आहे. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या कंप्युटर गेमच्या 2001-02 च्या आवृत्तीतला टो मदेइरा. पोर्तुगालमधल्या गौवेया या आडगावच्या क्लबाचा आघाडीपटू. स्वस्तात मिळायचा, कोणत्याही संघात घाला, गोलांचा पाऊस पाडायचा. जगभरची पोरं रात्र रात्र जागून त्याला विकत घेत होती. नंतर उघडकीला आलं की असा खेळाडू अस्तित्वातच नाही. गेमसाठी पोर्तुगालची माहिती गोळा करणाऱ्या कोणीतरी स्वतःलाच खेळाडू म्हणून आत घुसवलं होतं, आणि गुण देताना हात अजिबात आखडला नव्हता.

अधूनमधून एखादा या चक्रातून निसटतो. नॉर्वेचा ओडेगार्ड सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदला गेला, लोनवर तीन गावं फिरला, जाणकारांनी त्याला निकालात काढला, आणि 2022 मध्ये तो आर्सेनलचा कर्णधार झाला. तेच जाणकार आता म्हणतात, आम्ही म्हटलंच होतं.

अडूचा मेजर लीग सॉकरमधल्या सर्वांत लहान खेळाडूचा विक्रम वीस वर्षं टिकला. जुलै 2024 मध्ये, अडू एकेकाळी खेळून गेलेल्या त्याच फिलाडेल्फियाच्या क्लबाकडून केव्हन सलिव्हन नावाचा मुलगा शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरला. वय 14 वर्षं 293 दिवस, म्हणजे अडूपेक्षा तेरा दिवसांनी लहान. अठराव्या वर्षानंतर त्याने मँचेस्टर सिटीला जायचं हेही ठरून गेलं आहे. व्हिडिओ आहेत, बघा जरूर. फक्त कोणीही त्याला पुढचा अमुक-तमुक म्हणू नये ही नम्र विनंती. निदान त्याची बारावी होईपर्यंत.