वरच्या मजल्यावरचे नाना

नाशिकमधल्या कुठल्याही वीस-पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीत शिरा आणि वॉचमनला विचारा, "नाना कुठे असतील?" तो जिन्याकडे नाही, आभाळाकडे बोट दाखवतो. नाना गच्चीवर असतात. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर ओला पंचा, हातात खडू. स्लॅबवरच्या प्रत्येक भेगेभोवती गोल काढून ते शेजारी तारीख टाकतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या. इंदिरानगर असो, सिडको असो की गंगापूर रोड, मजला मात्र ठरलेला. सगळ्यात वरचा.

हे नाना नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. 1928 पासून नोटा छापणाऱ्या त्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क पारखायची सवय. निवृत्तीनंतर तीच नजर छताला लागली. पाहुणा सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच त्याला वर बघावं लागतं. "तो पिवळ्या कडेचा जुना. त्याच्या पोटातला काळपट, तो चालू खात्यातला. आणि पंख्याजवळ पांढरं फुललंय ना, ते क्षार. पाणी मुरतंय, पण अजून बाहेर आलेलं नाही. येईल." हे 'येईल' ते इतक्या खात्रीने म्हणतात की पाहुणा जरा सरकून बसतो.

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतो. आधी विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गाव पूर बघायला नदीकडे धावलं, तेव्हा नाना बेडरूममध्ये बादलीशेजारी बसून होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे निरोप येत होते: "मारुती कमरेला." तासाभराने: "मारुती गळ्याशी. दुसरी बादली लावली." तळमजल्यावरून कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते मारुतीला होतं की नानांना, हे कळायला मार्ग नव्हता.

एके काळी नानांची गरजच नव्हती. नाशिक जिल्ह्यात पावसाची वाटणी मोठी पक्षपाती. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेला येवल्या-मालेगावकडे त्याहून कमी. म्हणून पश्चिमेला उतरती कौलं, पूर्वेला मातीची सपाट धाबी. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या कौलांच्या आधी नळीची कौलं होतीच. पण कौल कुठलंही असो, मृगाआधी घर शाकारायचं हे ठरलेलं. माणूस वर चढायचा, माकडांनी आणि मांजरांनी सरकवलेली कौलं नीट बसवायचा, फुटकी बदलायचा, खाली घरभर धूळ. धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. छप्पर म्हणजे दर वर्षीचं काम, त्यात कुणाला अपमान वाटत नव्हता. मग स्लॅब आला आणि लोकांना वाटलं, छताचं काम आता जन्माचं मिटलं. शाकारणी गेली. तिच्या रिकाम्या जागेवर नानांची बिनपगारी नेमणूक झाली.

जुन्या नाशकातल्या वाड्यांची तऱ्हा वेगळी. भाडं इतकं जुनं आणि इतकं थोडं की मालक दुरुस्ती करत नाही, घर आपलं नाही म्हणून भाडेकरू करत नाही. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि पावसाळ्यात कुठे ना कुठे एखादी भिंत खाली येते. त्या बातम्यांवर नाना विनोद करत नाहीत. कात्रण कापून फाइलला लावतात.

फाइल जाड आहे, पण गच्ची त्याहून जाड. सगळ्यात खाली बिल्डरचा कोबा: विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, वर घोटून, ओल्यातच दोरी दाबून चौकटी पाडलेला. काम चांगलं होतं, बारा-तेरा वर्षं टिकलं, हे नाना मान्य करतात. (रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते, पण ही इमारत त्या कायद्याच्या कितीतरी आधीची.) कोब्यावर डांबरी कापड. त्यावर एका ठेकेदाराने मारलेलं 'केमिकल'. त्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग, जो उन्हापेक्षा कबुतरांना जास्त आवडला. प्रत्येक थरामागे एक सेक्रेटरी आणि दहा वर्षांची गॅरंटी आहे. दहा वर्षं गॅरंटी टिकते. ठेकेदाराचा मोबाइल नंबर टिकत नाही.

यंदा एका ठेकेदाराने जुना कोबा न फोडता वरून दुसरा घालायचं सुचवलं, तेव्हा नानांनी कॅल्क्युलेटर काढला. साडेचार इंच जाडीचा कोबा, हजार चौरस फूट गच्ची, म्हणजे वीसेक टन वजन. "पाच हत्ती माझ्या डोक्यावर आधीच उभे आहेत," नाना म्हणाले, "तुम्ही आणखी पाच चढवताय." ठेकेदार म्हणाला, "काका, काही होत नाही." ठेकेदारी मराठीतलं हे सर्वांत महाग वाक्य.

पाणी जिथे ठिबकतं तिथे भेग नसते, हा नानांचा आवडता सिद्धांत, आणि तो खरा आहे. कोब्याखाली शिरलेलं पाणी स्लॅबचा उतार बघत जातं आणि आठ-दहा फुटांवर जाऊन कुणाच्या तरी देवघरात उतरतं. त्यामुळे नाना गुन्ह्याची जागा सोडून आरोपी शोधत हिंडतात. डिश अँटेनासाठी ठोकलेला बोल्ट. सोलर बंबाचं स्टँड. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथला फुटलेला वाटा. पावसाच्या पाइपची जाळी, तिच्यात अडकलेली पिसं, पिंपळाची पानं आणि एक मोजा. मोजा कुणाचा याची चौकशी नानांनी ग्रुपवर फोटो टाकून केली. कुणीही पुढे आलं नाही.

मग चाचणी. गच्चीवर मातीचे बांध घालून चार इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवायचं आणि खाली छत बघत बसायचं. दोन दिवस नाना गंगापूर धरणाच्या अभियंत्यासारखे वावरतात. पाणी सोडायच्या आधी ग्रुपवर सूचना: "सकाळी 9 वाजता विसर्ग. खालच्यांनी वाळत घातलेले कपडे सुरक्षित स्थळी हलवावेत." त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून म्हणतात, "अहो, आधी आपल्या कपाटातल्या साड्या हलवा." त्या पुढे जास्त बोलत नाहीत. पावसाळ्यात वरण उकळताना पातेल्यावर झाकण ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली आहे.

खरं नाट्य घडतं वार्षिक सभेत. कायद्याने ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सोसायट्या ती बहुधा शेवटच्या रविवारी घेतात. तोवर पाऊस परतीला लागलेला, छत वाळत आलेलं, आणि सभासदांची दयाही. कोजागिरीच्या दुधाला गच्ची सगळ्यांची, पापड वाळवायला सगळ्यांची, संक्रांतीला तर शेजारच्या सोसायटीचीसुद्धा. गळायला लागली की नानांची. पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची, असं आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. नाना तो परिच्छेद उभं राहून वाचतात. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ विचारतात, "माझा गच्चीशी काय संबंध?" नाना म्हणतात, "नसेल. मग पाया खचला तर मला हाक मारू नका." ठराव होतो: दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर लग्नसराई. मग परीक्षा. मग मे. आणि 2025 सारखं वर्ष असलं तर मेमध्येही नाही, कारण त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला आणि इकडे नाशकातही मे महिना भिजत गेला. कोबा फोडून नवा घालायचा मुहूर्त ज्यांनी तेव्हाच धरला, त्यांचं काय झालं असेल, ते नाना दबक्या आवाजात सांगतात.

शेवटचा उपाय पत्र्याचा. गच्चीवर लोखंडी सांगाडा, वर रंगीत पत्रे, की भेगा आपोआप सेवानिवृत्त. महापालिकेची परवानगी हा एक प्रश्न, वारा हा दुसरा. नानांचे साडू निफाडकडचे. अवकाळीच्या वादळात कांदाचाळीवरचे पत्रे शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत गेलेले त्यांनी पाहिले आहेत. लोकांना वाटतं, वारा पत्रा ढकलतो. प्रत्यक्षात तो वरून जाताना पत्रा उचलतो, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते कडांना आणि कोपऱ्यांना. म्हणून हुक तिथे दाट हवेत, भोक पन्हळीत नको, उंचवट्यावर हवं, आणि वॉशर हवाच. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात नाशिकला सेकंदाला 39 मीटर वेग धरलेला आहे, म्हणजे तासाला एकशेचाळीस किलोमीटर. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये याचा उल्लेख नव्हता. त्यात वाऱ्यासाठी चार जुनी टायरं होती.

मन उदास झालं की नाना पांडवलेण्यांवर जातात. अख्ख्या नाशकात सलग, बिनजोडाचा स्लॅब तेवढाच, असं त्यांचं मत. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी उषवदात नावाच्या दात्याने लेणं आणि पाण्याच्या पोढी कोरवून घेतल्याचा लेख आहे. नानांना दगडापेक्षा लेखाचं कौतुक जास्त: पैसे देणाऱ्याचं नाव भिंतीवर! त्यांच्या सोसायटीत भिंतीवर नावं असतात ती थकबाकीदारांची.

गेल्या पावसाळ्यात मुलाने फोनवरून निक्षून सांगितलं, विकून टाका. दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. नानांना लबाडी जमत नाही. त्यांनी प्रत्येक डाग तारखेसह दाखवला, बादल्या दाखवल्या, फाइल उघडली. दलालाचा चेहरा पांढरा पडत गेला. गिऱ्हाईक इगतपुरीचं होतं. त्याने छताकडे पाहिलं, बादलीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढंच? आमच्याकडे याला दव म्हणतात." आणि टोकनचे पैसे काढायला खिशात हात घातला.

नानांनी फाइल मिटली. फ्लॅट विकायचा नाही, हे त्यांनी दलालाला त्याच संध्याकाळी फोन करून कळवलं. त्याच फोनवर असंही सांगितलं की तुमच्या ऑफिसात डावीकडच्या कोपऱ्यात ओल धरली आहे, रविवारी येऊन बघून जातो.