ड्युटी फ्रीवाल्याचं बिंग

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणापाशी, मोठ्यानं नको. तो डीएफएसवाला, म्हणजे ड्युटी फ्री दुकानांचा मालक हो, चक फीनी! विमानतळांवर अत्तरं, घड्याळं, कोन्यॅक विकून गब्बर झालेला. १९६० मध्ये त्यानं नि त्या रॉबर्ट मिलरनं हाँगकाँगमध्ये धंदा मांडला, दोघंही कॉर्नेल विद्यापीठाचे. पुढे १९६४ मध्ये जपाननं आपल्या माणसांना परदेशी फिरायची मोकळीक दिली, आणि होनोलुलूला ह्यांच्या दुकानात त्यांची ही झुंबड! परत जाताना घरीदारी, ऑफिसात, सगळ्यांना काहीतरी न्यायचंच अशी त्यांची रीत. त्यात बिनकराची बाटली म्हटल्यावर कोण सोडतंय...

तर काय सांगत होते? हां, फोर्ब्सवाले. १९८८ मध्ये त्यांनी ह्याला श्रीमंतांच्या यादीत बसवलं, १.३ अब्ज डॉलरचा धनी म्हणून. आणि ह्या पठ्ठ्यानं १९८४ मध्येच कंपनीतला आपला हिस्सा गुपचूप दानधर्माच्या फाउंडेशनला देऊन टाकलेला! कानोकान खबर नाही. ज्यांना देणग्या मिळायच्या त्यांनाही दाता कोण ते ठाऊक नसायचं.

मग फुटलं कसं? अहो, त्या फ्रेंच एलव्हीएमएच कंपनीला डीएफएस विकायची निघाली आणि मिलर अडून बसला. भांडण कोर्टात गेलं तर कागद बाहेर येणारच, म्हणून १९९७ च्या जानेवारीत फीनीनं आपणहूनच न्यूयॉर्क टाइम्सला सांगून टाकलं. यादीवाल्यांचे चेहरे बघायला हवे होते हो!

आणि राहणी? मनगटावर प्लॅस्टिकचं कॅसिओ, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, विमानात इकॉनॉमी. दुकानात मात्र भारी घड्याळं! पोरांनासुद्धा सुट्टीत वेटरची कामं करायला लावली म्हणे. आणि तिकडे मिलरकडे बघा, एक मुलगी ग्रीसच्या माजी राजाची सून. १९९५ चं ते लंडनमधलं लग्न, काय थाट तो... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

आठ अब्ज डॉलरच्या वर वाटले म्हणे फीनीनं, आणि २०२० मध्ये फाउंडेशनलाच कुलूप. पैसा संपला, काम संपलं! २०२३ मध्ये गेला बिचारा. पण त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या इमारतींवर ह्याचं नाव लावायचं नाही, ही अट. नाहीतर आमच्या गल्लीतलं देऊळ बघा, एक फरशी दिली की पणजोबांपासून नातवापर्यंत सगळी नावं कोरलेली. परवा पुजारीबुवा म्हणालेच, पाय ठेवायला बिननावाची जागा दाखवा!