लक्ष्मी नावाचा रोग

नावं ठेवण्यात मराठी माणूस कुणाला हार जायचा नाही. पण पिकांच्या रोगांना आपल्या शेतकऱ्याने जी नावं ठेवली आहेत, त्यांत शिवी औषधालाही सापडत नाही. कपाशी लाल पडली की लाल्या, डाळिंबावर तेलकट डाग आले की तेल्या, मिरचीची पानं आक्रसली की बोकड्या. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी पानांच्या जटा फुटल्या तर तो गोसावी! आता गोसाव्याने बाजरीचं काय घोडं मारलं होतं? पण संसाराची जबाबदारी टाळून नुसत्या जटा वाढवणाऱ्याला दुसरं म्हणणार तरी काय.

तंजावरकडचा शेतकरी याच्याही पुढे गेला. भाताच्या लोंबीत चार-दोन दाण्यांच्या जागी मखमली गोळ्या दिसू लागतात. आधी पिवळट, मग नारिंगी, शेवटी काळपट हिरव्या. बोट लावलं की पूड बोटाला चिकटते. ही बुरशी. तमिळ शेतकरी तिला म्हणतो ‘नेल पळम’, म्हणजे भाताचं फळ. शेतकीच्या पुस्तकांत तिचं आणखी एक जुनं नाव आहे, ‘लक्ष्मी रोग’. आपल्या कृषी खात्याच्या मराठीत मात्र ती ‘आभासमय काजळी’. हे नाव वेदान्ताच्या पाठाला शोभलं असतं. बांधावर उभं राहून ते उच्चारायला धीर लागतो.

रोगाला लक्ष्मी म्हणण्यात भाबडेपणा नव्हता, हिशेब होता. कावेरीकाठी सांबा हंगामाचं भात ऑगस्टच्या सुमारास पेरलं जातं आणि फुलोऱ्यावर येतं ते ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत. आभाळ भरलेलं, हवा दमट, जमिनीत नत्र भरपूर. अशा वेळी भातही माजतं आणि बुरशीही. ज्या वर्षी ‘फळं’ दिसली त्या वर्षी कणगी भरली, हे जुन्यांनी पाहिलं होतं. पाहुणी आली म्हणून सुबत्ता आली, की सुबत्ता पाहून पाहुणी आली, एवढंच त्यांनी विचारलं नाही. भरल्या घरात असले प्रश्न कोण विचारतो?

भाताच्याच दुसऱ्या रोगाच्या, करप्याच्या, वाट्याला हे कौतुक आलं नाही. त्याचे डोळ्यासारखे ठिपके, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, पानावर उमटले की कुणाला देवी आठवत नाही. तो लोंबीच्या मानेलाच धरतो आणि दाणे पोचट राहतात. लक्ष्मी चार दाणे घेते आणि बाकीचे ठेवते. देवपण मिळायला तेवढा सभ्यपणा पुरतो.

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत म्हणतात. भोसल्यांच्या तंजावरात दोघी नांदल्या, पण रोगराईसकट. शेतात लक्ष्मीच बुरशी झाली, आणि सरस्वती महालातल्या ताडपत्रांना कसर लागू नये म्हणून वेखंड, दालचिनी, लवंग, मिरी, काळं जिरं आणि कापूर यांची पुरचुंडी त्यांच्याजवळ ठेवायची रीत पडली. सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) नावारूपाला आणलेलं हे ग्रंथालय असं मसाल्याच्या जोरावर टिकलं. कापूर वगळला तर त्यातलं बरंचसं भाजीतही चाललं असतं, हा माझा आपला मराठी विचार.

तंजावर जिल्ह्यातच अडुतुरैला १९२२ पासून भाताचं संशोधन केंद्र आहे. शास्त्रज्ञांना लक्ष्मीचं कौतुक असायचं कारण नाही. नत्र बेताने द्या, पीक पोटरीत असतानाच ताम्रयुक्त औषध फवारा, असा सरळ उपाय. गोळ्या दिसल्यावर फवारून उपयोग नसतो, तोवर बुरशीने दाण्यात बस्तान ठोकलेलं असतं. आणि हल्ली युरियाचा हात सैल सुटल्यापासून ही लक्ष्मी गरजेपेक्षा जास्तच पावते. चार-दोन दाण्यांवर भागवणारी आता लोंबीभर पसरते. तेव्हा श्रद्धाळू शेतकरीसुद्धा पंप पाठीला लावतो, आणि ती दर्शन द्यायच्या आत फवारून मोकळा होतो.