एक दशांश नाना

इंग्रजी पेपर लाल पेन घेऊन वाचणारे एक काका तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमच्याकडे नाना आहेत. बँकेतून निवृत्त. त्यांच्यासमोर 'डेसिमेट' हा शब्द काढायचा नाही. सप्टेंबर 2023 मध्ये कोलंबोला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेचा 50 धावांत खुर्दा उडाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे वाटतोय, तर नाना पेपर नाचवत खाली. "म्हणे डेसिमेट केलं! अकराचा दशांश किती? एक पूर्णांक एक! एकट्या सिराजनेच सहा काढले की!"

मग रोमन येतात. त्यांना अडवणं आपल्या हातात नसतं. पळपुट्या तुकडीत चिठ्ठ्या टाकायच्या, दर दहांतल्या एकाला त्याच्याच सोबत्यांनी काठ्यांनी ठेचायचं. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव आणि मुक्काम छावणीच्या तटाबाहेर. स्पार्टाकसपुढून पळालेल्यांना क्रॅससने हीच शिक्षा दिली. "म्हणजे नऊ जिवंत! सर्वनाश कुठे झाला?"

'मोठा संहार' हा अर्थही इंग्रजीत तीनशेहून जास्त वर्षं चालतोय, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"चूक म्हातारी झाली म्हणून तिला पेन्शन द्यायची का?"

वाळवीने आमचं कपाट खाल्लं तेव्हा सांत्वनाला आले आणि फळ्या मोजून गेले. "दहातल्या सात. इथे तो शब्द बसत नाही." बायको अजून बोलत नाही त्यांच्याशी.

पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या अमेयच्या कंपनीने एका सकाळी दहा टक्के माणसं घरी बसवली. मेलमध्ये शब्द 'राइटसायझिंग'. अमेय त्या दहा टक्क्यांतला. नानांचा पारा चढला. "नेमका इथे हवा होता तो शब्द! दहातला एक, चिठ्ठी काढल्यासारखा! आणि हे लेकाचे 'राइट' म्हणतात!" उरलेल्यांची पगारवाढ गोठवली हे कळल्यावर "जव!" एवढंच म्हणाले.

तेव्हापासून रोज जेवण उरकून लाल पेन घेऊन अमेयकडे जातात, नोकरीचे अर्ज तपासायला. म्हणायला जिवावर येतं, पण अर्ज आता वाचण्यासारखे झालेत. परवा मीही तिथे होतो. एका अर्जात अमेयने लिहिलं होतं की त्याने विभागाचा खर्च 'डेसिमेट' केला. रोमन येणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली.

"किती टक्के कमी केलास?"

"चाळीस, नाना."

पेन कागदावर टेकलं. मग नानांनी टोपण लावलं.

"राहू दे. वाचणाऱ्याला कुठे कळतंय!"