डिकीभाऊ

बोदवडात मोठ्या आवाजाचं कुणाला अप्रूप नाही. लग्नसराईत डीजेचा टेम्पो कुठल्या गल्लीत शिरला, हे खिडक्यांच्या काचाच सांगतात. ज्याला वाजवायचं असतं तो उघड्यावर वाजवतो, खोक्यावर खोकं रचून आणि वर लाइटची माळ सोडून. डिकीभाऊंचं तसं नाही. त्यांना आवाज मोठा हवा, पण तो कुठून येतो हे कुणाला दिसता कामा नये. आणि दिसत नाही, हे मात्र सगळ्या गावाला कळायला हवं.

गाडी जुनी वॅगनआर. ती आप्पांच्या म्हणजे वडिलांच्या पैशातून आली, म्हणून अटही आप्पांची. "हे पाय, तुले कायबी वाजवायचं ते वाजव. मले डिकीत युरियाच्या दोन गोन्या बसल्या पाह्यजे." युरियाची गोणी आता पन्नासाची राहिली नाही, पंचेचाळीस किलोची झाली, त्यामुळे अट थोडी सैल झाली असं डिकीभाऊंना वाटलं. आप्पांना नाही वाटलं. त्यात वहिनींच्या पाण्याच्या जारची भर. पाणीटंचाईच्या गावात वीस लिटरचा जार मागे उभा राहिलाच पाहिजे, आडवा चालणार नाही. आता बूफर आणि त्याला चालवणारा ॲम्प असा सगळा संसार गाडीत घ्यायचा आणि डिकी तर होती तेवढीच ठेवायची. इथून भाऊंचं खरं आयुष्य सुरू झालं.

बूफर पातळ मिळाला, तो ड्रायव्हरच्या सीटखाली गेला. प्रश्न ॲम्पचा. वॅगनआरच्या पुढच्या डाव्या सीटखाली एक ओढता ट्रे असतो. कंपनीनं तो कशासाठी दिला हे कंपनीला माहीत, आपल्याकडे त्यात छत्री आणि देवदर्शनाला काढलेल्या चपला राहतात. भाऊंनी चपला हाकलून तिथं ॲम्प बसवला. आकार असा जुळला की माप घेऊनच केला असावा. पण तो ॲम्प जुन्या पद्धतीचा, क्लास एबीचा. अशा ॲम्पमध्ये घेतलेल्या विजेचा जवळपास निम्मा वाटा गाण्याऐवजी उष्णतेत जातो. महिना मे, खानदेशातला, पारा पंचेचाळिसाच्या घरात, आणि ट्रे चारी बाजूंनी बंद. शिरसाळ्याच्या मारुतीला निघाले तर वाटेतच वहिनी म्हणाल्या, "अहो, सीट इस्त्रीसारखी तापली." ॲम्पनं स्वतःच्या रक्षणासाठी स्वतःला बंद करून घेतलं होतं. वहिनींना ती सोय नव्हती.

मग क्लास डीचा ॲम्प आला. हा ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज कामाला लावतो, तापतो कमी, आणि अंगानंही लहान. तो गेला स्टेपनीच्या खड्ड्यात, रिमच्या पोकळीत. वर प्लायची फळी, फळीवर मूळचंच कार्पेट. डिकी जशीच्या तशी! आप्पांनी दोन गोण्या ठेवून पाहिल्या, मान डोलावली. पुढं नांदुऱ्याजवळ टायर बसला. स्टेपनी होती, पण ती बाहेर काढायला आधी फळी, मग ॲम्प, मग सहा वायरी सोडवायच्या. जॅक आणि पाना घेऊन पंक्चरवाला शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "भो, तुमाले पंक्चरवाला नाही, वायरमन लागते."

तिसरी जागा मागच्या सीटच्या पाठीची. तिथं ॲम्प छान चिकटला, हवाही मिळाली, पण डिकीची खोली दोन इंचांनी गेली. भाऊ टेपनं मोजत होते, आप्पा गोणीनं. दुसरी गोणी टेकेना, दार लागेना. खटला तिथंच निकाली निघाला.

अखेर चाकाच्या कमानीमागे, बाजूच्या प्लास्टिक पॅनलच्या आतली पोकळी सापडली. ॲम्प तिथं उभा बसतो. त्याच्या पट्ट्याही उभ्या, म्हणजे गरम हवा वर निघून जाते, आणि पॅनलला वरच्या बाजूला बारीक भोकं, जी बघणाऱ्याला कंपनीचीच वाटतात. कामात भाऊ कच्चे नाहीत, हे शत्रूही कबूल करेल. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज टाकलेला, कारण जाड वायर कुठं घासून बॉडीला लागली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा वाचवायला कोणी नसतं. पॉवरची वायर डावीकडून, सिग्नलची उजवीकडून. दोन्ही एकत्र नेल्या तर ॲक्सिलरेटरबरोबर गाण्यात घरघर चढते. आणि खाली कुठंही न विचारता ड्रिल मारलेलं नाही, कारण पेट्रोलची टाकी काही गाणी ऐकायला बसलेली नसते. हे सगळं ते कुणालाही सांगतात. बाराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं आहे.

जागा सापडली, आता ती कुणाला सापडत नाही हे सिद्ध करायचं राहिलं. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीसमोर गाडी लागते. भाऊ गाणं लावतात, ग्लासातला चहा थरथरतो. मग खाली उतरून, हात मागे बांधून: "शोधा बरं, कुठी हाये." लोक सीटखाली वाकतात, डिकी उघडतात, बॉनेट ठोकून पाहतात. अकोल्याकडं निघालेल्या एकाची पॅसेंजर या शोधात गेली. एका मास्तरांनी मात्र गाणं चालू असताना पॅनलवर सरळ तळवा ठेवला आणि म्हणाले, "इथं कोमट लागतं." भाऊ त्यांना अजून नमस्कार करत नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या पॅनलला आतून फोम बसला.

एकदा रात्री अकरा वाजता हवालदारसाहेबांनी गाडी थांबवली. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे आणि वस्तीत रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे, हे त्यांनी ऐकवलं. भाऊंनी आवाज लगेच बंद केला. कायद्याचा मान राखणारा माणूस. "सिस्टीम कुठंय?" साहेबांनी सहज विचारलं. इथं दुसरा कुणीही गप्प बसला असता. भाऊंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "शोधा ना साहेब!"

या सगळ्यात डिकी वाचली, पूर्ण वाचली. फक्त तिच्यात आता काही ठेवता येत नाही. युरिया हवेतला ओलावा ओढतो, त्यानं पत्र्याला गंज लागतो. जार हिंदकळतो आणि पाणी वायरींवर जातं. कापसाच्या गाठोड्याचे तंतू भोकांत अडकतात. वहिनींनी एकदाच विचारलं, "डिकी रिकामी हाये त मंग सामान काहून ठेवू देत नाही?" भाऊ म्हणाले, "ठेवलं त ते रिकामी कशी दिसंन?" तेव्हापासून आप्पांच्या गोण्या ॲपेरिक्षातून येतात. पुढं रिक्षा, मागं रिकाम्या डिकीची वॅगनआर, तिच्यातून दणदणीत गाणं. रिक्षावाला सांगतो, अशी वरात कुठल्याच खताला मिळाली नसेल.

शेवटी गाडी जुनी झाली आणि मलकापूरकडचं एक गिऱ्हाईक आलं. टायर पाहिले, बॉनेट उघडलं, डिकीत डोकं घातलं, पॅनलवर हातही फिरवला. भाऊंनी श्वास रोखला होता.

"सिस्टीम हाये म्हणे तुमच्याकडं?"

"शोधा."

त्यानं पुन्हा एकदा इकडंतिकडं पाहिलं. "काढून घेतली वाटते. मंग दहा हजार कमी करा."

एक बटण दाबायचं होतं. आप्पा डोळ्यांनी सांगत होते, खोकून सांगत होते, शेवटी तोंडानं सांगायला निघाले, तर भाऊंनी त्यांचा हात दाबला आणि दहा हजार कमी केले. संध्याकाळी टपरीवर सगळ्यांना चहा भाऊंकडून. "त्यानं हात फिरवला आप्पा, पॅनलवर हात फिरवला, तरी नाही सापडला!"

नव्या गाडीसाठी आप्पांनी अट बदलली आहे: सीएनजीचीच घ्यायची. तिची टाकी अख्खी डिकी खाते, पण निदान डोळ्यांना दिसते. भाऊंनी अट लगेच मान्य केली. सध्या ते गावात ज्याच्या त्याच्या सीएनजी गाडीची डिकी उघडून टाकीच्या मागं किती इंच जागा उरते, ते मोजत फिरतात.