कामापुरतं कारण

मराठी वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांत माणूस चारच प्रकारांनी जातो: अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आणि वृद्धापकाळाने. या वर्गीकरणाला डॉक्टर लागत नाही की रक्ताची तपासणी लागत नाही. अल्पसा म्हणजे किती दिवसांचा, हे विचारायची आपल्यात रीत नाही. आणि सौम्य झटक्याने कोणी गेल्याचं कधी छापून येत नाही. जाणाऱ्याच्या इभ्रतीचा प्रश्न असतो.

जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेचं मात्र चारांत भागत नाही. तिच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची, म्हणजे ‘आयसीडी’ची, अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आजार, इजा आणि मृत्यूची कारणं धरून तीत सुमारे ५५ हजार संकेतांक आहेत. त्यात ‘वृद्धापकाळ’ घालायचं ठरलं, तेव्हा म्हातारपण हा काही आजार नव्हे म्हणून ज्येष्ठांच्या संघटनांनी जगभरातून हरकत घेतली. संघटनेने तो शब्द काढला आणि त्या जागी ‘वयोमानाने अंगभूत क्षमतेत आलेली घट’ अशा अर्थाचं लांबलचक नाव ठेवलं. उद्यापासून निधनवार्तेत हेच द्या. शब्दांवर पैसे घेणारे जाहिरात विभाग दुवा देतील.

हा उद्योग जुना आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या संख्याशास्त्रज्ञांच्या बैठकीत पॅरिसच्या झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्या सगळ्यांत सविस्तर रूपात १६१ कारणं होती. त्यांचा धाकटा भाऊ अल्फाँस पॅरिसच्या पोलिसांसाठी गुन्हेगारांच्या हातापायांची मापं घेऊन त्यांची वर्गवारी करायचा. वडीलही आकडेवारीतलेच. त्या घरात जेवताना काय गप्पा होत असतील, देव जाणे.

या क्रमांकांमागची कल्पना साधी आहे. आपल्या औरंगाबादचं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण गाड्यांवरचं एमएच-२० जागच्या जागी राहिलं. नावावरून चौकात कितीही भांडा, आरटीओला गाडी कुठली ते कळतं. तसंच आजाराचं. गंगाखेडला माणूस काविळीने गेला काय आणि ग्वाटेमालात गेला काय, कावीळ एकाच जातीची असेल तर क्रमांक एकच. मग कुठे काय वाढतंय ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं आणि लस कुठे पाठवायची, पाण्याची टाकी कुठली धुवायची, ते ठरवता येतं.

आणि यादी कोणाला विसरलेली नाही. आपले मृत्युकारणांचे सरकारी अहवाल ज्या दहाव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत, तीत साप एक्स २०, विंचू एक्स २२, उन्हाचा तडाखा एक्स ३० आणि वीज पडणं एक्स ३३. बैलगाडीच्या अपघातासाठी व्ही ८०. आईवडिलांशी किंवा सासरच्यांशी न पटणं, झेड ६३.१. हा शेवटचा क्रमांक आपल्याकडे मनापासून वापरायचा ठरला, तर नोंदणीचं संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बसेल. १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत अकराव्या आवृत्तीतलं आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचं दालनही जाहीर झालं. वात-पित्ताला जिनिव्हात पत्ता मिळाला. उरली फक्त नजर लागणं. तिच्यासाठी अजून समिती नेमलेली नाही.

म्हणजे रकाने तयार आहेत. भरायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे.

दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर फॉर्म ४ भरतात. त्यात एकाखाली एक ओळी असतात. वर शेवटी काय झालं ते, त्याखाली ते कशामुळे झालं ते, आणि सगळ्यांत खाली मुळात सुरुवात कशाने झाली ते. संकेतांक सहसा त्या खालच्या ओळीला मिळतो, कारण रोखायचं तर तिथूनच रोखता येतं. आपल्याकडे वरच्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहितात आणि पेनचं टोपण लावतात. लिहिलेलं खोटं नाही. हृदय चालू ठेवून कोणी कैलासनगरच्या स्मशानभूमीत पोचल्याचं ऐकिवात नाही. पण एवढ्यावरून मधुमेह होता, टीबी होता की बाळंतपणात हेळसांड झाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फॉर्मवर तर स्पष्ट सूचना असते की मरण्याची रीत लिहू नका, आजार लिहा. सूचना वाचायच्या असतात हे आपल्याला शाळेत फक्त परीक्षेपुरतं शिकवतात.

सगळा दोष डॉक्टरच्या माथी मारणं सोपं आहे. घाटी रुग्णालयात रात्री दोनला जालना, बीड नाहीतर बुलढाण्याहून रेफरची चिठ्ठी घेऊन पेशंट येतो आणि उजाडायच्या आत जातो. जुने कागद गावी पत्र्याच्या पेटीत. नातेवाईक सांगतात, “काल जेवला की हो चांगला.” फॉर्म भरणाऱ्या निवासी डॉक्टरची त्या माणसाशी ओळख तासाभराची, आणि शेजारच्या खाटेवरचा अजून जिवंत आहे. तो त्याच्याकडे धावतो. धावायलाच हवं.

घरी मेलेल्याचं तर आणखी अवघड. केंद्राच्या २०२०च्या अहवालात, नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले होते २२.५ टक्के. बाकीचे नोंदवहीत मेलेत, पण कशाने मेले ते डॉक्टरने सांगितलेलं नाही. आणि हे करोनाचं वर्ष होतं, जेव्हा मेलेल्यांचा आकडा रोज संध्याकाळी टीव्हीवर येत होता.

पण वर्गीकरणाचं आपल्याला वावडं आहे असं कोणी समजू नये. पैसा, बदली किंवा जबाबदारी यांतलं काही अंगावर येणार असेल, तर आपल्याइतकं बारीक वर्गीकरण जिनिव्हालाही जमणार नाही.

आपल्याच शहरातल्या विभागीय आयुक्त कार्यालयात मराठवाड्याच्या शेतकरी आत्महत्यांची यादी तयार होते. २०२३ मध्ये ती १,०८८ वर गेली. यादीपुढे तीन रकाने: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं की परवानाधारक सावकाराचं, परतफेडीचा तगादा होता का, हे तपासून समिती ठरवते की हे मरण एक लाखाच्या मदतीला बसतं की नाही. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि उसनवारी पाहुण्यांकडून असेल, तर मेलेला माणूस अपात्र. आयसीडीत स्वतःला केलेल्या इजेसाठी एक्स ६० ते एक्स ८४ अशी अख्खी रांग आहे, आणि विश्वास बसणार नाही, पण कर्जाच्या तगाद्यालाही जागा आहे: झेड ५९.८, ‘देणेकऱ्यांशी अडचणी’ या अर्थाची नोंद. फक्त झेडचे क्रमांक मृत्यूचं मूळ कारण म्हणून धरत नाहीत. तेव्हा तगाद्याने मेला हे जिनिव्हा मानत नाही आणि मेला हे पुरेसं आहे असं आपली समिती मानत नाही. शेतकरी बिचारा दोन्ही कार्यालयांतून परत.

करोनात तर कारणाचा भाव रोज बदलत होता. २०२० मध्ये घरात करोनाने कोणी गेलं म्हणायची चोरी. अंत्यविधीला चार माणसं मिळेनात, म्हणून लोक ‘न्यूमोनिया’ लिहा म्हणून गळ घालत. राज्याच्या रोजच्या पत्रकातही करोनाच्या रुग्णाचा ‘इतर कारणांमुळे मृत्यू’ असा वेगळा रकाना होता. जागतिक आरोग्य संघटनेने तर चाचणीत करोना सापडलेल्यांसाठी यू ०७.१ आणि नुसती लक्षणं असलेल्यांसाठी यू ०७.२ असे दोन क्रमांक आधीच देऊन ठेवले होते. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० हजारांच्या मदतीला मान्यता दिली आणि तीच मंडळी मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात करोना घालून घ्यायला जिल्ह्याच्या समितीपुढे रांगेत उभी राहिली. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? घरचा कर्ता गेलेला. पण मरणाचं कारण अनुदानाच्या आदेशाने बदलतं, हे रोगशास्त्राच्या पुस्तकात घालायला हरकत नाही.

जिवंतपणीही तेच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आल्या की बदलीत सवलत देणाऱ्या संवर्ग एकमध्ये बसणारे आजार अचानक दिसू लागतात आणि बदली पार पडली की रोगी आश्चर्यकारक वेगाने सुधारतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर पहिला प्रश्न ‘काय झालंय?’ असा येत नाही. ‘योजनेत बसतं का?’ असा येतो. खासगी विम्याचा कारकून तर आयसीडीचा क्रमांक नसेल तर फाइलच पुढे सरकवत नाही. बिलाला क्रमांक लागतो म्हणून बिलावर तो बिनचूक असतो. मेलेल्याचं बिल पुढच्या महिन्यात येत नाही, म्हणून त्याचं कारण कामापुरतं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कोणी विचारेल. मेलेला काही परत येत नाही. पण पुढचा वाचू शकतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याआधी ते गाव आपल्याच जिल्ह्यात. ते महाडला सरकारी नोकरीत होते, तेव्हा तिथे विंचू चावलेली पोरं दगावायची. गावाच्या लेखी कारण ठरलेलं: विंचू चावला, मेला. बावस्कर खाटेशेजारी बसून राहिले आणि त्यांनी खालची ओळ वाचली: विष हृदयावर जातं, फुप्फुसांत पाणी भरतं, माणूस त्या पाण्याने मरतो. मग रक्तदाबाचं साधं प्राझोसिन वापरून बघितलं, त्यावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ लिहून टोपण लावलं असतं, तर विंचू अजून देवाच्या मर्जीवर चालू असता.

सापाचं याहून बोलकं. घरोघर जाऊन, माणूस कसा गेला ते घरच्यांना विचारून, दोन डॉक्टरांनी ते वाचून संकेतांक द्यायचा, असा मोठा अभ्यास देशात झाला. २०११ मध्ये त्याचा आकडा छापून आला: २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू. सरकारी दवाखान्यांच्या नोंदीपेक्षा तीस पटींहून जास्त. माणसं बांधावर मेली, मांत्रिकाच्या ओट्यावर मेली, फॉर्म ४ पर्यंत पोचलीच नाहीत. जे नोंदीत नाही त्याचं औषधही तालुक्याच्या कपाटात नसतं. केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंदवणं बंधनकारक करा असं कळवलं, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. साप तोवर थांबलेले नव्हते.

अकरावी आवृत्ती आपण यथावकाश घेऊच. शासन निर्णय निघेल, कार्यशाळा होईल, मिळालेल्या पिशवीत वही-पेन असेल. पण ५५ हजार रकाने घेऊन खालची ओळ कोरीच राहणार असेल, तर ‘अल्पशा आजाराने’ काय वाईट होतं? छपाईचा खर्च तरी कमी होता.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आली आहे. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापत नाहीत, ते गोपनीय. पण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि आता दवाखान्याने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देणं, त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक आहे. दवाखान्याच्या बिलात हातमोजे किती जोड लावले ते आपण चष्मा लावून मोजतो. हा कागद मात्र किती झेरॉक्स लागतील एवढंच विचारून घडी घालतो. त्या दिवशी भान नसतं, हे कबूल. म्हणून घरातल्या एका थंड डोक्याच्या माणसाला आधीच सांगून ठेवा: वरची ओळ सोडून द्यायची, खालची बघायची. कोरी असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारायचं, “साहेब, हृदय बंद पडलं ते आम्हाला कळलं. पाडलं कोणी?”