वाटणी झाली, किल्ली एकच

घरच्या कंप्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदवायची असतील तर दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, हा सल्ला आता इतका सर्वमान्य झाला आहे की तो द्यायला कंप्युटर कळावाच लागतो असंही नाही. सल्ला बरोबरच आहे. फक्त तो ऐकणारा माणूस दुसरी डिस्क आणतो, कॅबिनेटमध्ये बसवतो, लिनक्सला ‘ही तुझी’ म्हणून दाखवतो आणि वाटणी झाली असं समजून निश्चिंत होतो. वाटणी झालेली नसते. सामान दोन खोल्यांत गेलेलं असतं, पण दाराची किल्ली थोरल्याच्याच कमरेला राहिलेली असते. माझं म्हणणं असं की दुसरी डिस्क घ्यायची ती दोघांत अंतर पडावं म्हणून; जागा वाढते ती वर चिरीमिरी. आणि ते अंतर खात्रीनं पडतं एकाच युक्तीनं : एक सिस्टिम टाकताना दुसरीच्या डिस्कची केबल काढून ठेवायची. ही युक्ती फुकट आहे, आणि बहुधा म्हणूनच तिला कोणी भाव देत नाही.

मुळात एका घरात दोघांना ठेवायचं कशाला, असं विचारणाऱ्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आठवावी. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली धडधाकट मशिन्स अपात्र ठरली. अशा मशिनवर उबुंटू किंवा मिंट असं लिनक्सचं एखादं वितरण झकास चालतं. मग विंडोज काढून का टाकत नाही? कारण टॅली तिथं आहे. श्रीलिपीत टाइप केलेल्या लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल आणि आजोबांचं अपुरं आत्मचरित्र तिथं आहे. चिरंजिवांचा व्हॅलोरंट तिथं आहे, आणि त्या खेळाचा व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी लिनक्सच्या दारात पाऊल ठेवत नाही. तत्त्वनिष्ठ मंडळी यातल्या बहुतेक गोष्टींना पर्याय सुचवतात. पर्याय चांगले असतात, आणि घरातलं कोणी ते वापरत नाही.

आता किल्लीचं. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी मशिनबरोबर जी पद्धत आली तिच्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सगळा कारभार असे : ४४६ बाइट मशिनला उठवणाऱ्या प्रोग्रॅमला (म्हणजे बूटलोडरला), ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदीला आणि शेवटी २ बाइटांची खूण. घराचा सातबाराच म्हणा. पुढे कित्येक वर्षं विंडोजचा इन्स्टॉलर आला की आधी इथं कोण राहतंय याची चौकशी न करता त्या ४४६ बाइटांवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहून मोकळा होई. लिनक्स जिथल्या तिथं शाबूत, पण त्याच्या खोलीकडे जायचा रस्ता गायब. मशिन उठवायची यूईएफआय ही नवी पद्धत आल्यावर व्यवस्था सुधारली. बूटच्या फायलींसाठी एक छोटं ईएफआय पार्टिशन आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर. कोणी कोणाचं पुसायचं नाही. कागदावर उत्तम. पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर असं पार्टिशन आधीच दिसलं, तर बऱ्याचदा तो आपल्या बूटच्या फायली तिथंच नेऊन ठेवतो. सिस्टिम टाकायला तुम्ही नवी डिस्क दाखवली असली तरीही. लिनक्सवाल्यांनी इथं हसायचं कारण नाही. बूटलोडर कुठं ठेवू, असं उबुंटूचा जुना इन्स्टॉलर अदबीनं विचारायचा, उत्तर ऐकून घ्यायचा आणि त्याला जे ईएफआय पार्टिशन पहिल्यांदा सापडेल तिथं ठेवून द्यायचा. ही तक्रार वर्षानुवर्षं नोंदवलेली होती. दोघांचेही इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनी मनाशी एकच गृहीत धरलेलं दिसतं, की या घरात आपण एकटेच.

याचा त्रास लगेच होत नाही, हीच खरी मेख आहे. सगळं गुण्यागोविंदानं चालतं. मग कधीतरी जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागते, ती काढून नवी बसवायची ठरते, आणि ती काढल्याक्षणी ठणठणीत दुसऱ्या डिस्कवरचं लिनक्सही उठायचं नाव घेत नाही. फायली सगळ्या जागेवर आहेत, पण त्यांना उठवणारं शंभरेक मेगाबाइटचं पार्टिशन भंगारात निघालं. दोन डिस्कांचे पैसे देऊन माणूस एका डिस्कचा धोका विकत घेतो, तो असा.

म्हणून केबल काढायची. मशिन बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून कॅबिनेटची एक बाजू उघडली की धुळीच्या थराखाली डिस्कला जोडलेल्या दोन केबली दिसतात. रुंद ती विजेची. अरुंद, चपटी, बहुधा लाल ती साटाची डेटा केबल. तिच्या टोकाला इंग्रजी एलच्या आकाराची खाच असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. टोकावर पत्र्याचा खटका असेल तर तो दाबून सरळ मागे ओढायची. हलवून हलवून काढायला गेलात तर डिस्कवरची प्लॅस्टिकची जीभ तुटेल, आणि मग वाटणीचा प्रश्न कायमचा मिटेल. एकच डिस्क जोडून विंडोज टाकायचं. मशिन बंद करून ती सोडवायची, दुसरी जोडून लिनक्स टाकायचं. शेवटी दोन्ही जोडायच्या. आता प्रत्येकाचं ईएफआय पार्टिशन स्वतःच्या डिस्कवर. शिवाय आणखी एक फायदा पदरात पडतो. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना इन्स्टॉलर त्यांना एसडीए, एसडीबी किंवा ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ असल्या नावांनी दाखवतो. दोन्ही एक-एक टेराबाइटच्या असतील तर फॉरमॅट कुठली मारायची हे ऐन वेळी देवावर सोडावं लागतं. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिला फॉरमॅट मारण्याची सोय अजून कोणत्याही कंपनीनं काढलेली नाही.

मग रोज कोणाला उठवायचं ते मशिनच्याच बूट मेनूमधून ठरवावं. त्यासाठी चालू करताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबायचं. कुठलं ते कंपनीगणिक वेगळं, आणि कंपनीचा लोगो पडद्यावर आहे तोवरच ऐकलं जातं. लिनक्सचा ग्रब नावाचा बूटलोडर दोघांची यादी दाखवतो, मग हा उपद्व्याप कशाला, असं कोणी म्हणेल. पण २०२१ च्या २.०६ या आवृत्तीपासून ग्रबनं दुसऱ्या सिस्टिम शोधून यादीत घालणं सुरक्षेच्या कारणावरून आपणहून बंद ठेवलं आहे. वितरणानं किंवा तुम्ही ते पुन्हा चालू केलं तरच विंडोज यादीत येतं. शिवाय विंडोजची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल, तर नेहमीच्या वाटेऐवजी ग्रबमधून आल्यावर ते संशय घेऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागण्याची शक्यता असते. स्वतंत्र दार असताना धाकट्याच्या ओसरीतून जायचं आणि तिथं ओळखपत्र दाखवायचं, यात शहाणपण नाही.

एकाच डिस्कचे दोन भाग का करू नयेत, या आक्षेपाचं उत्तर वर बरंचसं आलंच. लॅपटॉपला डिस्कची एकच जागा असेल तर तेवढंच हातात आहे, तिथं माझा हट्ट नाही. एम.२ ची डिस्क ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी बायॉसमध्ये बघावं. काही मदरबोर्डांवर ती जागा तिथूनच बंद करता येते. व्हर्च्युअल मशिनचा आक्षेप जास्त वजनदार आहे : विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवा, किंवा विंडोजबरोबर येणारं डब्ल्यूएसएल वापरा, डिस्क नको की केबल नको. ज्याला लिनक्सच्या चार कमांड हव्यात त्यानं खुशाल तसं करावं. पण ८ जीबी रॅमच्या जुन्या मशिनवर दोघांना एकाच वेळी जेवायला बसवलं तर दोघंही अर्धपोटी उठतात. आणि ज्याला विंडोज १० च्या सुरक्षेची धास्ती म्हणून लिनक्स हवं, त्यानं ते त्याच विंडोज १० च्या आत ठेवणं म्हणजे मूळ कारणच विसरणं.

खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य करावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट ही बूटलोडर तपासणारी सोय चालू असलेल्या कित्येक मशिनवर लिनक्स उठेना. ड्युअल बूट, म्हणजे एका मशिनवर दोन सिस्टिम, असेल तिथं हा बदल लागू होणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात काही ठिकाणी ड्युअल बूट आहे हे अपडेटला ओळखताच आलं नाही. त्यातून दोन डिस्कही वाचवू शकत नव्हत्या, कारण जुने बूटलोडर बाद करणारी त्या अपडेटची नोंद मदरबोर्डाच्या स्मृतीत लिहिली गेली होती, डिस्कवर नव्हे. घर वेगळं केलं तरी प्लॉट सामाईकच. पण तेव्हाही लिनक्सच्या डिस्कवरच्या एका फायलीला धक्का लागला नव्हता. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समधून ती नोंद पुसून, ते पुन्हा चालू करायचं, एवढ्यावर निभावलं.

दोघांना वापरता येईल असं एनटीएफएसचं सामाईक पार्टिशन ठेवणार असाल तर २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना शट डाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट डुलकी घेतं, आणि जाताना आपल्या पार्टिशनांवर रुमाल टाकून जातं. तो रुमाल बघून लिनक्स बहुधा त्या फायली फक्त वाचू देतं, लिहू देत नाही.

इतकं करूनही घरातलं घड्याळ एकच राहतं. मदरबोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणाऱ्या त्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. सकाळी दहाला विंडोज बंद करून लिनक्स उघडलं तर ते दुपारचे साडेतीन वाजल्याचं सांगतं. उलट गेलात तर विंडोजच्या मते पहाटेचे साडेचार. इंटरनेट लागल्यावर प्रत्येक जण आपली चूक दुरुस्त करतो आणि तसं करताना दुसऱ्याची वेळ पुन्हा बिघडवतो. उपाय दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद करायची, किंवा ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडनं लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगायचं. लिनक्स ऐकतं, पण त्यानंतर त्याच कमांडनं वेळ विचारली की उत्तराखाली परिच्छेदभर इशारा जोडतं : हे बरं नव्हे, उन्हाळी वेळ बदलताना घोटाळे होतील. भारतात घड्याळ पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळे पुण्या-नागपुरात तो परिच्छेद न वाचता चालतं. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी घरानं मात्र पहिलाच उपाय करावा. नाहीतर मार्च महिन्यात घड्याळ एक तास पुढं करायचं काम आपलंच आहे असं समजून दोन्ही सिस्टिम, एकमेकींना न विचारता, ते उरकून टाकायच्या.